फाटलेला अ‍ॅक्सल बूट: नुसता बूट बदलायचा की अख्खा अ‍ॅक्सल?

पुढचं चाक काढलं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं, घट्ट ग्रीस उडालेलं दिसलं, की माझा शोध बहुतेक वेळा तिथेच संपतो. ड्राइव्ह अ‍ॅक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा, बूट फाटलेला असतो. बूट म्हणजे त्याच्या सांध्यावरचं ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण. हे काम इतक्यांदा हातून गेलंय की मी आधी रिम बघतो आणि मग बूट. पण बूट फाटलाय हे कळणं सोपं आहे. नुसतं रबर बदलून भागेल की अख्खा अ‍ॅक्सल काढून टाकायचा, हा प्रश्न अवघड. त्यावर माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: फाटलेल्या रबराकडे बघून हे ठरवू नका. आतलं ग्रीस आणि जॉइंटचा आवाज काय सांगतो त्यावरून ठरवा.

पुढचं सगळं पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांबद्दल आहे. अशा गाडीत दोन्ही बाजूंना एकेक अ‍ॅक्सल असतो आणि प्रत्येकावर दोन सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेल्या कोनातही एकसारख्या वेगाने फिरणारे सांधे: बाहेरचा चाकाजवळ, आतला गिअरबॉक्सजवळ. दोन्हींवर घड्यांचा रबरी बूट.

लक्षणं

सगळ्यात आधी ग्रीस दिसतं. आवाज नाही, धक्का नाही, गाडी पूर्वीसारखीच चालते. फक्त रिमच्या आत, ब्रेक कॅलिपरवर, लोअर आर्मवर, शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खालच्या टोकाला काळे शिंतोडे. अ‍ॅक्सल फिरताना फटीतून बाहेर पडणारं ग्रीस एका पट्ट्यात उडतं, त्यामुळे डाग बुटाच्या समोरच्या रेषेतच सापडतात.

त्यानंतर वळताना आवाज सुरू होतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी हळूहळू पुढे काढली की कट-कट-कट. चाक जितकं जोरात फिरेल तितकी लय वाढते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज ठळक होतो. हा बाहेरचा जॉइंट. पुढे पुढे तो सरळ रस्त्यावरही वाजायला लागतो, आणि तेव्हा फार दिवस उरलेले नसतात.

आतला जॉइंट खराब झाला की सहसा कटकट करत नाही. वेग घेताना गाडीचा पुढचा भाग डावी-उजवीकडे थरथरतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थरथर विरते. पुढच्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकच ‘ठक्’ ऐकू येतो.

काही लक्षणं फसवतात, आणि त्यापायी चांगले अ‍ॅक्सल काढलेले मी पाहिलेत. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही राहणारी स्टिअरिंगची थरथर बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगची असते. वेगाबरोबर वाढत जाणारी सलग घूं-घूं चाकाच्या बेअरिंगची. सरळ जाताना खड्ड्यात ‘खट्’ आला तर आधी सस्पेन्शनच्या लिंक आणि बॉल जॉइंट बघा. आणि अ‍ॅक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला पातळ, ठिबकणारं तेल दिसलं तर ते ग्रीस नव्हे. तिथलं ऑइल सील गेलेलं असतं.

बुटाच्या आत काय चाललेलं असतं

हे थोडं सांगायलाच हवं, कारण सगळा निर्णय यावर उभा आहे. बहुतेक गाड्यांत बाहेरच्या जॉइंटमध्ये एक पोलादी वाटी असते, तिच्या आत खाचा, खाचांमध्ये सहा छर्रे, आणि छर्ऱ्यांना धरून ठेवणारा पिंजरा. १९२०च्या दशकात आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने पेटंट घेतलेली ही रचना सुधारित रूपात आजही वापरात आहे. दोन शाफ्टमध्ये जो कोन होतो, त्याच्या बरोबर मधल्या प्रतलात पिंजरा छर्ऱ्यांना धरून ठेवतो. म्हणूनच जॉइंट ४५ अंशांच्या आसपास वाकला तरी चाकाचा वेग क्षणाक्षणाला कमीजास्त होत नाही. आतल्या जॉइंटमध्ये बऱ्याचदा छर्ऱ्यांऐवजी तीन रोलर असतात. सस्पेन्शन वरखाली झालं की ते आतबाहेर सरकतात आणि अ‍ॅक्सलची लांबी जुळवून घेतात.

चाकाकडे जाणारी सगळी ओढ या छर्ऱ्यांमधून जाते, आणि प्रत्येक छर्रा खाचेला अगदी इवल्याशा जागी टेकतो. मध्ये असतो तो फक्त ग्रीसचा थर. म्हणून या ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं असतं. प्रचंड दाबाखाली थर पातळ झाला तरी ते धातूला धातू घासू देत नाही. बूट फाटला की आधी ग्रीस बाहेर जातं आणि मग त्याच वाटेने धूळ आणि पाणी आत येतं. धूळ मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरचं काम करतं. ते रोज थोडं थोडं खाचा घासत राहतं, आणि एकदा घासलेल्या खाचा नवं ग्रीस भरून परत येत नाहीत.

आधी नुसतं बघा

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि टॉर्च घेऊन चाकाच्या मागे बघा. वळलेल्या स्थितीत बाहेरच्या बुटाच्या घड्या उघडतात. फाटायला सुरुवात बहुतेक घडीच्या खोलगट भागात होते, आणि स्टिअरिंग सरळ असताना ती चीर मिटलेली असते. चाक थोडं पुढे सरकवून बुटाची उरलेली बाजूही बघा. एकाच बाजूने बघून ‘ठीक आहे’ म्हणणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक. दुसऱ्या चाकाकडचा बूटही याच वेळी बघून घ्या. वय दोघांचं सारखंच असतं.

घड्यांवर बारीक सुरकुत्यांसारख्या चिरा आहेत पण आरपार नाहीत आणि ग्रीस कुठेच नाही, अशी अवस्था असेल तर तुमचं नशीब चांगलं. बूट लवकरच फाटणार आहे, पण जॉइंट अजून शाबूत आहे. या टप्प्यावर बूट बदलणं हा सगळ्यात स्वस्त सौदा.

क्लॅम्प बघा

ग्रीस बाहेर आलंय पण रबर कुठेच फाटलेलं नाही, असंही होतं. बुटाच्या मोठ्या आणि लहान तोंडावर धातूचे पट्टे असतात. पट्टा सैल झाला, गंजून तुटला किंवा मागच्या वेळी नीट आवळला नसेल तर ग्रीस काठातून पाझरतं. बोटाने बूट फिरवून बघा. तो शाफ्टवर मोकळा गरगर फिरत असेल तर पट्टा गेलाय. काठ पुसून नवा पट्टा योग्य पकडीने आवळला की काम झालं. प्लास्टिकचा टाय तिथे लावू नका. तो हवा तेवढा आवळला जात नाही आणि काही दिवसांत पुन्हा गळती सुरू होते.

मोकळ्या जागेत गोल फेऱ्या

रहदारी नसलेलं मोकळं मैदान शोधा, काचा खाली करा, रेडिओ बंद. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून चालण्याच्या वेगाने गोल फिरा, मध्येच हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. मग उजवीकडे. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. काही जॉइंट पुढे जाताना गप्प राहतात आणि रिव्हर्समध्ये वाजतात, कारण तेव्हा छर्रे खाचेच्या दुसऱ्या भिंतीवर टेकतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट वाजतो असं सांगितलं जातं आणि ते बऱ्याचदा खरंही ठरतं, पण तेवढ्यावर अ‍ॅक्सल मागवू नका. आवाज पत्र्यातून कुठूनही कुठेही जातो. ज्या बाजूचा बूट फाटलाय आणि ज्या बाजूने आवाज येतोय, त्या दोन्ही एकच निघाल्या तरच खात्री धरा.

या चाचणीला पैसा लागत नाही आणि निम्मा निर्णय इथेच होतो. स्पष्ट कटकट ऐकू आली तर नवा बूट विकत घेऊ नका. एकदा गाडीच्या मालकाच्या आग्रहामुळे मी वाजणाऱ्या जॉइंटला नवा बूट आणि नवं ग्रीस घातलं होतं. थोडे दिवस आवाज दबला. घट्ट ग्रीसमुळे तसा तो दबतोच. मग होता तसा परत आला, आणि तेच सगळं काम दुसऱ्यांदा करून अ‍ॅक्सल बदलावा लागला. तेव्हापासून कोणी कितीही आग्रह केला तरी वाजणाऱ्या जॉइंटला मी बूट घालत नाही.

ग्रीस बोटावर घ्या

आवाज नाही, बूट मात्र फाटलाय. आता खरी परीक्षा. फटीत बोट घालून थोडं ग्रीस घ्या, अंगठ्यावर चोळा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात बघा. बाहेरच्या घडीत साचलेलं घेऊ नका, ते नेहमीच मळलेलं असतं. जॉइंटच्या जितकं जवळचं मिळेल तितकं घ्या.

काळं, गुळगुळीत, लोण्यासारखं लागलं तर चांगलं. काळा रंग मॉलिब्डेनमचा आहे, त्याला घाबरू नका. अंगठ्याला रवाळ लागलं तर आत माती गेली आहे. राखाडी किंवा दुधी दिसलं तर पाणी मिसळलंय. गंजाची तांबूस छटा दिसली तर ते पाणी बराच काळ मुक्कामाला आहे. आणि उजेडात धातूची बारीक चमक दिसली, तर खाचांचा पृष्ठभाग झिजून ग्रीसमध्ये आला आहे. चमक दिसली की माझ्यापुरता विषय संपतो: अ‍ॅक्सल बदला.

फाटून किती दिवस झाले, हे आठवायचा प्रयत्न करा. मागच्या सर्व्हिसला बूट धड होता का? फाटल्यानंतर गाडी पाण्यातून, चिखलातून, कच्च्या रस्त्याने गेली का? कोरड्या डांबरी रस्त्यावर गेलेला एक आठवडा आणि पावसात गेलेला एक आठवडा यांत फार मोठं अंतर आहे.

चाक उचलून हातांनी तपासा

मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, जॅकने उचला आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नका.

चाकाला वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटची शंका, अ‍ॅक्सलची नव्हे. मग कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि बाहेरच्या जॉइंटजवळ शाफ्ट हातात घेऊन पुढे-मागे पिळा. तिथे खेळ जवळजवळ नसावाच. ‘टक्’ असा मोकळा झटका मिळाला तर खाचा झिजल्या आहेत. आतल्या जॉइंटमध्ये शाफ्ट आत-बाहेर सरकेल. तो त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. पण तिथेही पिळताना ठळक मोकळेपणा नको.

मग बूट की अ‍ॅक्सल?

आवाज नाही, खेळ नाही, ग्रीस गुळगुळीत: बूट बदला. आवाज आहे किंवा ग्रीसमध्ये चमक आहे: अ‍ॅक्सल बदला. मधली अवस्था, म्हणजे आवाज नाही पण ग्रीस रवाळ, हीच डोकेदुखीची. तिथे जॉइंट उघडून, रॉकेलने पूर्ण धुऊन, कोरडा करून खाचा डोळ्यांनी बघाव्या लागतात. छर्रे फिरतात त्या जागी नुसता चकाकता पट्टा दिसला तर चालेल. नख अडकेल अशी पायरी, खड्डे, किंवा पिंजऱ्याच्या खिडकीत छर्रा सैल हलताना दिसला तर परत बसवू नका.

बरेच जण म्हणतात, दोन्हींची मेहनत सारखीच आहे, मग सरळ नवा अ‍ॅक्सलच का नको? मेहनतीचं खरं आहे. हब नट (चाकाच्या मध्यभागी अ‍ॅक्सलच्या टोकावरचा मोठा नट), बॉल जॉइंट, अ‍ॅक्सल बाहेर काढणं हे दोन्हीकडे सारखंच. बूट बदलताना वर जॉइंट उघडून धुण्याचं आणि ग्रीस भरण्याचं काम वाढतं. तरीही कंपनीतून गाडीबरोबर आलेला जॉइंट शाबूत असेल तर तो मी टाकून देत नाही. स्वस्तातला नवा अ‍ॅक्सल बसवल्यावर पहिल्याच दिवसापासून थरथर सुरू झालेली मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. त्यांचे बूटही लवकर तडकतात. दर्जेदार अ‍ॅक्सल मिळत असेल तर गोष्ट वेगळी. काही गाड्यांना नुसता बाहेरचा जॉइंटही सुटा मिळतो. आतला जॉइंट चांगला असेल तर तो पर्याय अवश्य विचारा.

अ‍ॅक्सल नवा घेतलात तर बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून बघा: लांबी, दोन्ही टोकांच्या दातांची संख्या, आणि एबीएसची दातेरी कडी जॉइंटवर असेल तर तिचेही दात. ही कडी चुकली की गाडी चालते, पण एबीएसचा दिवा लागतो.

अ‍ॅक्सल न काढता बसवायचे, उभे चिरलेले आणि चिकटवायचे बूट मिळतात. त्यांचा जोड टिकायचा तर तिथे ग्रीसचा अंशही नको, आणि ग्रीसने माखलेल्या जागी ते साधणं फार कठीण. मी ते फक्त गाडी गॅरेजपर्यंत पोहोचवण्याच्या सोयीचे मानतो. चिकटपट्टी आणि डिंक तर तेवढाही वेळ टिकत नाहीत.

काम करताना कुठे बिघडतं

हब नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. बऱ्याच गाड्यांत तो १८० ते ३०० न्यूटन-मीटर इतका आवळलेला असतो. स्टँडवर तेवढा जोर लावला तर गाडी खाली येऊ शकते. हबमधून शाफ्ट बाहेर काढताना त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नका, पुलर वापरा. अ‍ॅक्सल एका टोकाने लोंबकळत सोडू नका, नाहीतर आतला जॉइंट सुटून येतो. बाहेरचा जॉइंट शाफ्टवर आतल्या कडीने अडकलेला असतो. तो बहुतेक गाड्यांत ठोकून निघतो, काहींत निघतच नाही. तिथे आतला जॉइंट काढून बूट त्या बाजूने सरकवावा लागतो, म्हणून आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. काढण्यापूर्वी सगळ्या भागांवर खुणा करा.

ग्रीस नव्या बुटाच्या किटमधलंच वापरा आणि सगळं वापरा. बाहेरच्या जॉइंटला ते साधारण ८० ते १३० ग्रॅम असतं. त्यातलं बरंचसं छर्ऱ्यांमध्ये बोटाने दाबून भरायचं, उरलेलं बुटात. साधं चॅसिस ग्रीस इथे चालत नाही. पट्टा आवळण्याआधी बुटाच्या लहान तोंडात बोथट पेचकस घालून आतली हवा सोडा. हवा कोंडली तर बूट फुगतो, कमी राहिली तर घडी आत ओढली जाते आणि तीच घडी पुढे फाटते. हब नट नवा घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा. अ‍ॅक्सल बाहेर असताना गाडी चाकावर ढकलू नका. अनेक गाड्यांत तो नटच बेअरिंगला एकत्र धरून ठेवतो.

बूट पुन्हा पुन्हा फाटत असेल तर

एकाच बाजूचा बूट वारंवार फाटतोय तर दोष बुटात शोधू नका. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत वरच्या पॉवर स्टिअरिंगच्या नळीतून तेलाचे थेंब बरोबर बुटावर पडत होते. रबर फुगून मऊ पडायचं आणि फाटायचं. इंजिनचं माउंट तुटलं की इंजिन हलतं आणि बूट नको त्या कोनात ताणला जातो. गाडी उंच करून घेतली असेल तर अ‍ॅक्सल कायम तिरका राहतो. पट्ट्याचं कानाचं टोक वाकवलेलं नसेल तर ते जवळच्या भागावर घासतं. आतला बूट सायलेन्सरच्या नळीजवळ असेल आणि उष्णतारोधक पत्रा गळून पडला असेल, तर कोणतंही रबर तिथे टिकणार नाही.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

हब नट योग्य पान्यानेही हलत नसेल. शाफ्ट हबमध्ये गंजून बसला असेल आणि पुलरलाही दाद देत नसेल. बॉल जॉइंट वेगळा होत नसेल. पहारेने झगडताना त्याचं रबर फाटलं की दुसरं काम उभं राहतं. गिअरबॉक्समधून अ‍ॅक्सल निघताना सील दुखावलं आणि तेल गळू लागलं असेल. टॉर्क पाना किंवा भक्कम स्टँड नसतील. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल जवळ असतील. यातलं काहीही असेल तर हात मागे घ्या.

आणि सरळ जातानाही कटकट येत असेल किंवा जोराचे धक्के बसत असतील तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या. जॉइंट सुटला की चाकांना जाणारी ओढ तिथल्या तिथे थांबते आणि मोकळा शाफ्ट ब्रेकच्या नळीला आणि एबीएसच्या वायरला झोडपतो. शिवाय अ‍ॅक्सल तुटलेली गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या ‘पार्क’मध्ये ठेवली तरी उतारावर घरंगळू शकते, कारण गिअरबॉक्सची पकड अ‍ॅक्सलमार्फतच चाकापर्यंत पोहोचते. अशा वेळी हँडब्रेक ओढा आणि चाकांना ठोकळे लावल्याशिवाय गाडीपासून दूर जाऊ नका.

काम झाल्यावर रिम आणि लोअर आर्म स्वच्छ पुसून घ्या, जुने डाग ठेवू नका. साधारण १०० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन पुन्हा बघा. पुसलेल्या जागी ग्रीसचा नवा ठिपका दिसला तर तो पट्ट्याच्या काठातून आलाय; त्याच दिवशी पट्टा पुन्हा आवळा.